दवंडीवाला यिमाम

अंबागेरा गावच्या बाजारावर एक मोठा काळा खडक आहे. शनिवारी बाजार भरला की यिमाम त्या खडकावर चढायचा, तळहात तोंडाशी धरायचा आणि हाळी द्यायचा, "ऐका हो ऐका! ज्याने ऐकलं त्याने न ऐकलेल्याला सांगा!" खाली मिरची मापणाऱ्या बायांचे हात थांबायचे. कुणाचं खेचर हरवलं, कुठल्या वस्तीवर लग्न आहे, कोण वारलं, सारा कधी भरायचा, सगळं त्याच्या तोंडून गावाला कळायचं. राजा गेला, लष्करी टोपीवाले आले, तरी दवंडीवाला तोच राहिला.

घरी मात्र त्याची बायको तोयबा कानांवर हात ठेवायची. "मीठच हवंय ना तुला? मग त्या समोरच्या डोंगराला कशाला सांगतोस?"

"डोंगराकडे असलं तर तो देईल," यिमाम म्हणायचा आणि दोघं हसायची. मूलबाळ नव्हतं. एवढ्याशा गोल झोपडीत त्याच्या आवाजालाच जागा पुरायची नाही.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. लोकांनी आधी बैल विकले, मग नांगर, मग घरावरची लाकडं जळणासाठी उपसून शहरात नेऊन विकली. निवडुंगाची बोंडं संपली तेव्हा पोरं मुळ्या उकरू लागली. त्यात वरच्या कड्यांवर बंडखोर होते. ते अंधारात येऊन भाकरी मागायचे. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि द्यावी तर सकाळी सैनिक येऊन रात्री भाकरी भाजली का ते पाहायला चुलीतली राख चाचपायचे. परदेशातून गव्हाची पोती येत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्यावरून भरलेले ट्रक जाताना दिसायचे. ते थांबत मात्र नव्हते.

एके दिवशी शेतकरी संघाचा अध्यक्ष बेयेने यिमामच्या दारात आला. माणूस इथलाच, पण आता त्याच्या कमरेला पिस्तूल असायचं.

"शनिवारी गहू वाटायचाय," तो म्हणाला. "वस्त्यावस्त्यांवर सांग. पण धडधाकट माणसं पाठवा म्हणावं. पोत्यांना खांदे लागतात."

"आणि म्हातारी माणसं, पोरं?"

"त्यांना कशाला उन्हात? घरी बसू देत. गहू काय, घरी जाईलच."

यिमामला ते पटलं. किती दिवसांनी सांगण्यासारखं काही सांगायला मिळालं होतं! तो उपाशीपोटी दऱ्या चढला, उतरला, आणि प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी उभा राहून त्याने गव्हाची दवंडी दिली. अल्गानेश नावाची एक बाई झाडाखाली नवऱ्याजवळ बसली होती. तिने हसून विचारलं, "दादा, खरंच ना? की भुकेनं तुलाही भ्रम झालाय?"

"मी कधी खोटं ओरडलोय का?" तो म्हणाला. "नवऱ्याला घेऊन ये. दोघं या."

शनिवारी तोयबा रिकामं पोतं खांद्यावर टाकून निघाली. "तू खडकावर उभा राहणार, तुला कोण गहू देणार? मीच जाते रांगेत."

"मग लवकर जा," यिमाम म्हणाला. "पुढे उभी राहा. मागच्यांना पुरत नाही."

मैदानाच्या मधोमध पोत्यांची थप्पी लावली होती, आणि ती खडकावरून सोन्यासारखी दिसत होती. रांग ओढ्यापर्यंत गेली. मग ओढ्यातून सैनिक वर आले, दुसरे बाजारामागून, आणि रांगेभोवती कडं झालं. एक अधिकारी कर्ण्यावरून बोलला. दक्षिणेत सुपीक जमीन आहे, सरकार तुम्हाला तिकडे वसवणार आहे. तोवर ट्रक लागले होते. लोक पळू लागले तसे दंडुके पडले. धडधाकट माणसं होती म्हणजे काय, चालू शकणारी होती एवढंच. त्यांना उचलून टाकायला वेळ लागला नाही. रांगेत पुढे होते ते पहिल्या ट्रकमध्ये गेले.

यिमाम खडकावरून घसरतच खाली आला. "तोयबा!" त्याने हाक मारली, आणि ती सगळ्या मैदानाला ऐकू गेली. पहिल्या ट्रकच्या फळीवर तिचं डोकं दिसलं. तीही काहीतरी ओरडत होती, पण गोंगाटात ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तो ट्रककडे धावला तेव्हा एका सैनिकाने त्याच्या छातीला बंदूक आडवी लावली.

"याला राहू दे," बेयेने मागून म्हणाला. "हा कामाचा आहे."

गव्हाची थप्पी शेवटच्या ट्रकमध्ये चढली आणि सैनिकांच्या छावणीकडे गेली.

मागे राहिली ती म्हातारी माणसं आणि पोरं. यिमाम झऱ्यावर गेला की बोलणं थांबायचं. एका म्हातारीने एकदा त्याचा पंचा धरला. "माझ्या लेकाला तुझ्याच तोंडानं बोलावलंस ना? मग त्याच तोंडानं परत बोलाव. चल, चढ खडकावर. बोलाव!" त्याने पंचा सोडवून घेतला नाही. तिचे हात दमले तेव्हा तीच सोडून गेली.

पुढे काही आठवड्यांनी बेयेने पुन्हा आला. "गहू आलाय. या वेळी परदेशी लोक स्वतः वाटणार आहेत. हाळी दे."

"सैनिक येणार?"

"तुला काय करायचंय?"

"मला सांगावं लागेल."

"तुला जेवढं सांगितलं तेवढं सांग."

यिमाम खडकावर चढला. खाली बाजार नव्हताच, चार-दोन माणसं होती, पण त्याने आवाज पूर्ण लावला. "ऐका हो ऐका! गहू आला म्हणतात. मागच्या वेळीही आला होता. सैनिक येतील की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं, मला सांगितलं नाही!"

फारसं कोणी आलं नाही. ज्यांना चालवत होतं ते उलट कड्याकडे सरकले. आणि त्या दिवशी गहू खरंच वाटला गेला. दोन परदेशी बाया आणि एक डॉक्टर संध्याकाळपर्यंत पोत्यांजवळ बसून होते. आले ते दहा-बारा जण पाठीवर गहू घेऊन घरी गेले. बाकीच्यांतली कितीतरी पोरं त्या महिन्यात गेली. यिमामने तेही पाहिलं, कारण बेयेनेच्या माणसांनी पुढचे ट्रक येईपर्यंत त्याला बाजारातल्या खांबाला बांधून ठेवलं होतं. ट्रक आले तेव्हा पकडलेल्या माणसांबरोबर त्यालाही टाकलं. त्याने हातपाय हलवले नाहीत. तोयबा भेटेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

ट्रक त्यांना पश्चिमेकडे बेलेस नदीच्या खोऱ्यात घेऊन गेले. डोंगरात थंडीत वाढलेल्या माणसांना तिथली हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली. बांबूच्या झोपड्यांची लांबच लांब ओळ होती, आणि गावाला नावाऐवजी नंबर होता. जंगल गुमुझ लोकांचं होतं. सरकारने त्यांना न विचारता ते तोडलं होतं, म्हणून झाडांमागून बाण यायचे. यिमामला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या दारातही कुणीतरी असंच न सांगता आलं होतं.

तोयबा तिथे नव्हती. त्या शनिवारचे पहिले ट्रक पार दक्षिणेला गेले होते, मागचे तेवढे इकडे आले, असं कुणीतरी म्हणालं.

तो दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि पुढच्या बाईला म्हणाला, "ताई, तेवढा घडा भरून घेऊ देतेस?" ती वळली. अल्गानेश होती. ती एकटीच होती. नवरा प्रवासातच गेला होता, ते यिमामला नंतर कळलं.

"तोंड नसतं पाहिलं तरी मी ओळखलं असतं," ती म्हणाली. "या आवाजानेच इथवर आले मी."

टाकीपाशी अंबागेराची आणखी माणसं होती. सगळ्यांनी घडे उचलले आणि त्याच्यासाठी जागा करून दिली. ती जागा पुढेही तशीच राहिली. त्याच्याबरोबर कुणी जेवायला बसलं नाही, नांगराला त्याची जोडी कुणी धरली नाही. तोही बोलेनासा झाला. नव्याने आलेल्यांना तो मुकाच वाटायचा. "ए मुक्या, ते बांबू आण," असं म्हणायचे आणि तो आणायचा.

हिवतापाने तो पडला तेव्हा रोज सकाळी दाराशी ज्वारीच्या पेजेचं वाडगं दिसू लागलं. एक दिवस त्याने अल्गानेशला वाडगं ठेवताना पाहिलं. तिनेही पाहिलं.

"हे माफ केलं म्हणून नाही," ती म्हणाली. "अंबागेराचं आणखी कुणी इथं पुरायला नको, एवढंच." आणि निघून गेली.

सरकार पडलं तेव्हा रस्ते मोकळे झाले. लोक चालत, ट्रकच्या टपावर बसून, मिळेल तसे घरी निघाले. यिमामही आला. झोपडीची भिंत उभी होती, छप्पर नव्हतं. त्याने ते नव्याने घातलं, थोडी ज्वारी पेरली, आणि तोयबाची वाट पाहिली. अल्गानेशही परतली होती. ओढ्यापलीकडे राहायची. बाजारात आता दवंडीसाठी कर्णा होता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो गेला नसता.

बरीच वर्षं गेल्यावर नूर्ये नावाचा कॉफीचा व्यापारी यिमामकडे मुक्कामाला आला. तो दक्षिणेत गांबेलाकडे फिरायचा.

"तुमच्या गावची एक बाई तिथं चहाचं दुकान चालवते," तो म्हणाला. "तोयबा म्हणतात."

यिमामने हातातलं खाली ठेवलं. "नवरा?"

"आहे की. दोन मुलीही आहेत, मोठ्या. तिनं विचारलं मला, अंबागेराचा दवंडीवाला जिवंत आहे का?"

"काय सांगितलंस?"

"तेव्हा कुठं माहीत होतं? आता सांगेन."

"सांगू नकोस." ठेवलेलं पुन्हा उचलत तो म्हणाला, "मुली कुणासारख्या दिसतात?"

"तिच्यासारख्याच. हसतात खूप."

सकाळी नूर्येला बसपर्यंत सोडायला यिमाम गेला. आणि सगळ्या वाटेत बोलत राहिला. तोयबा कशी कानांवर हात ठेवायची, भाकरी कशी नेहमी एका बाजूने करपवायची, रांगेत पुढे उभी राहा म्हणून तिला कोणी सांगितलं होतं, सगळं. नूर्ये मधेच "हो का" म्हणत चालला. बसमध्ये चढताना यिमामने त्याचा दंड धरला.

"सांग. जिवंत आहे म्हणून सांग. बाकी काही नको."

पुढच्या वर्षी नूर्ये आला तेव्हा त्याच्याजवळ कापडात बांधलेले कॉफीचे कच्चे दाणे होते. "दिलेत तिनं," तो म्हणाला. निरोप? "निरोप काही नाही. तिनं बांधले आणि दिले."

त्या दुपारी यिमाम ओढा ओलांडून अल्गानेशच्या दाराशी गेला. "तोयबानं कॉफी पाठवलीय," तो म्हणाला. "ये."

ती आली. त्याने दाणे भाजले, कुटले, कॉफी उकळली. अंबागेरात कॉफीचे पेले तीन, आणि तिसरा आशीर्वादाचा म्हणून पाहुणा तो घेतल्याशिवाय उठत नाही. तिने पहिला पेला घेतला, दुसराही घेतला. तिसऱ्याला पाणी उकळत होतं तेव्हा ती उठली आणि पदर झटकला.

"कॉफी चांगली आहे," ती म्हणाली. "गांबेलाची चांगलीच असते."

तो तिला ओढ्यापर्यंत जाताना पाहत राहिला. मग आत येऊन तिसरा पेला त्याने एकट्यानेच प्यायला.