सरांचा ओक

लाकूड दिसलं की आमचे सर बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "हे ओक नव्हे." मग ती लग्नाच्या मांडवातली खुर्ची असो की एसटी स्टँडवरचं बाकडं. एकदा तर तिरडीचा बांबूही ओक नव्हे, हे त्यांनी आम्हाला मयतात सांगितलं.

ओक हे थंड देशातलं झाड, साताऱ्यात ते उगवत नाही. सर मात्र तीन महिने परदेशात ओकच्या लाकडावर संशोधन करून आले होते आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी त्या तीन महिन्यांवर काढली. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. एकदा परदेशी जातो आणि परत येतो तो नुसता देह.

मी त्यांच्या प्रयोगशाळेतला सहायक. लाकूड कापायचं, घासून गुळगुळीत करायचं, भिंगाखाली लावून द्यायचं. सगळे मला मामा म्हणत, सरसुद्धा. त्यांच्या टेबलावर परदेशातून आणलेली ओकची एक चकती असायची. खंडेनवमीला मी यंत्रांबरोबर तिलाही कुंकू लावलं, तर म्हणाले, "मामा, ओकला कुंकू? अहो, हे विज्ञान आहे." दुपारभर रुमालाने पुसत बसले.

त्यांचं विज्ञान सोपं होतं. खोड आडवं कापलं की आत गोल वलयं दिसतात. ओकमध्ये वर्षाला एक वलय धरतात, म्हणून वलयं मोजली की झाडाचं वय कळतं. हेच माप त्यांनी आमच्या बाभळीला लावलं. कोरेगावजवळ वादळात एक बाभूळ पडली होती. सरांनी बुंध्याशी उकिडवं बसून वलयं मोजली आणि जाहीर केलं, एकशे चोवीस वर्षं. गर्दीत एक निवृत्त सुभेदार उभे होते.

"आवं सर, मी पाचवीत हुतो तवा माज्या हातानं टोकलीया ही."

"लाकूड खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "तुम्ही तुमच्या वयाचा दाखला तपासून घ्या."

सुभेदार नुसते हसले आणि घरी गेले. सरांनी मात्र त्या बाभळीवर शोधनिबंध छापला आणि कॉलेजात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पुढे त्यांच्याकडे पीएचडीला एक मुलगी आली. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातली, वडील अजून मेंढरं घेऊन फिरायचे. पोरगी कामाला वाघ. चार वर्षं दर दिवाळीला ती घरी जाऊन बांधावरच्या बाभळींना दाभण टोचायची. दाभण सालीतून आत गेलं की लाकडात खूण राहते आणि पुढची वाढ तिच्यावर चढत जाते. पाचव्या दिवाळीला तिने त्यातली एक बाभूळ तोडून ओंडका आणला. मी कापला, घासला, भिंगाखाली धरला. एका दिवाळीच्या खुणेपासून दुसऱ्या दिवाळीच्या खुणेपर्यंत दोन वलयं होती. चारही वर्षं तेच.

"मामा, आमच्याकडं वळवानं झाड एकदा फुटतं. मधी सगळं कोरडं. परतीचा पडला की परत फुटतं," ती म्हणाली. सुभेदारांची गोष्ट मीच तिला सांगितली होती. "म्हंजे ते खरंच बोलत हुते."

सरांनी तिच्या प्रबंधातलं हे प्रकरण वाचलं आणि म्हणाले, "ओकमध्ये असं होत नाही."

"सर, ही बाभूळ हाय."

ते प्रकरण काढ, नाहीतर सही मिळणार नाही, असं सरांनी सांगून टाकलं. प्रबंध द्यायची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. सही नाही म्हणजे सहा वर्षांचं काम पाण्यात. "सर, तुमी एकदा सोता बघा," ती विनवत होती. सरांनी भिंगाकडे मानसुद्धा वळवली नाही. त्यांनी मला हाक मारली.

"मामा, तुम्ही कापलंत ना? किती वलयं दिसतात?"

त्या वर्षी माझी बढती होती आणि माझा गोपनीय अहवाल सरांच्या हातात होता. तोवर त्यांची टिंगल करण्यात कॉलेजात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी वाकून भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणालो, "एकच दिसतं, सर."

"मामा, तुमीबी?" एवढंच ती म्हणाली.

प्रकरण तिने काढलं नाही आणि सही झाली नाही. आता ती गावाकडच्या एका शाळेत तासिकेवर शिकवते, असं कानावर येतं. मला बढती मिळाली. तिच्या गावच्या एसटीची पाटी दिसली की मी अजून दुसरीकडे बघतो.

सर निवृत्त झाले त्या दिवशी हार, नारळ, भाषणं सगळं झालं. माणसं पांगल्यावर ते प्रयोगशाळेत आले. मी चहा केला. बशीत ओतून पिता पिता ते सहज म्हणाले, "त्या पोरीचं बरोबर होतं, मामा. दोनच होती. त्याच संध्याकाळी बघितलं मी."

"मग सही का नाही केली, सर?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं.

"तुम्ही एक म्हणालात ना," ते म्हणाले. हार पिशवीत घालून ते निघून गेले आणि मी त्यांची कपबशी विसळून ठेवली.