खालच्या खोलीची किल्ली

घर भाड्याने देणाऱ्यांनो, आज जरा माझी बाजू घ्या.

चंद्रपुरात आमचं दुमजली घर आहे, चार बिऱ्हाडांचं; मी राहते दुसरीकडे. खालची एक खोली दोन महिने रिकामी होती. आज दुपारी ती एका नर्सबाईंना दाखवायला गेले. त्या गडचिरोलीहून बदलीवर आल्यात, एकट्याच. नव्या भाडेकरूसाठी नवं कुलूप पर्समध्ये घेतलं होतं.

दार उघडंच. आत उरलेल्या तिन्ही बिऱ्हाडांच्या बायका. कुणी सुपात तांदूळ निवडतेय, कुणी लेकराला थोपटतेय. मधोमध चटईवर वरच्या सुनिताची सासू गाढ झोपलेली. किल्ली मीच त्यांना दिली होती, पण झाडलोट करायला.

माझा पारा चढला. "खोली दाखवायची आहे, आणि तुम्ही पसारा मांडून बसलात?"

"बाई, वरतं स्लॅब लय तापते," सुनिता हळूच म्हणाली. "बुढीले इथीच झोप लागते."

सगळ्या भराभर आवरायला लागल्या. म्हातारीला उठवायला मात्र कुणाचा हात पुढे होईना.

नर्सबाई चपला काढून आत आल्या. "निजू द्या त्याइले. माही ड्युटी दिवसाची हाये. किल्ली यायच्यापाशीच राहू द्या." मग म्हणाल्या, "घरी आल्यावर दार उघडणारं कोणी पाहिजे ना मले बी."

नवं कुलूप पर्समध्येच राहिलं.

घरी आले, माझं दार मीच उघडलं आणि तेव्हापासून एकच विचार करतेय. माझ्या घराची दुसरी किल्ली कुणाकडेच नाही. तुमची कुणाकडे आहे?