पिंप कुठे ठेवायचं?

ऑइलपेंटचा वास आला की मला दादरचा तो विकाऊ फ्लॅट आठवतो. तेव्हा आम्ही उल्हासनगरला दोन खोल्यांत राहायचो आणि नळाला पहाटे तासभर पाणी यायचं. ऐपत नव्हती, पण बघायला काय जातं? जावेची रेशमी साडी नेसून मी अशी मिरवत होते, जणू अख्खी बिल्डिंगच घेणार! पितळ उघडं पडू नये म्हणून ह्यांनी बजावलं होतं, "तू नुसती मान हलव." बाल्कनीला हलवली, बाथरूमच्या टाइल्सना हलवली. स्वयंपाकघरात मात्र राहवलं नाही. "अहो, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं?" मालकीणबाईंनी भर दुपारी नळ सोडून दाखवला. मी किंचाळलेच, "बंद करा, वाया जातंय!" त्या हसून म्हणाल्या, "कल्याणच्या पलीकडून आलात वाटतं?" ह्यांनी मुकाट मान हलवली. आता बदलापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये दिवसभर पाणी असतं. तरी ओट्याखाली पिंप भरलेलं असतं. सून हसते, हसू दे.