अण्णांची गाडी, मावशींची एकतीस तारीख

एकच गाडी असलेला माणूस गाडीबद्दल फारसं बोलत नाही. चावी फिरवतो, जातो, येतो. दोन गाड्या असल्या आणि त्यातली एक बंद असली, की मग किस्से साचायला लागतात. आमच्या स्टाफरूममध्ये ते इतके साचले, की सोमवारी मधल्या सुट्टीत कोणी नुसतं "काय सर, काल रविवार होता ना?" म्हटलं तरी डबे उघडायच्या आधी हसू सुटायचं.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. आमची शाळा पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. मी विज्ञान शिकवतो. चित्रकलेचे निकम सर आणि गणिताच्या आहिरे मॅडम माझ्यासारखेच नाशकात इंदिरानगरात राहतात, म्हणून आम्ही तिघं रोज माझ्या पांढऱ्या छोट्या गाडीतून जातो-येतो. ही आमची 'चालती'. दुसरी गाडी संस्थेच्या जुन्या चिटणीसांची, म्हणजे अण्णांची. गोल दिवे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट सलग बाकासारखी. अण्णा गेल्यावर ती बरीच वर्षं शाळेच्या शेडमध्ये कबड्डीच्या मॅटखाली पडून होती. शेड मोकळी करायची म्हणून अण्णांच्या मुलानं ती मला देऊन टाकली. घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही.

*

गाडी न्यायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टोचन लावायच्या आधी द्रुपदामावशी फडकं घेऊन आल्या. मावशी आमच्या शाळेतल्या शिपाई. आल्या त्या थेट बॉनेट पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "मावशी, राहू द्या. जवळजवळ भंगारच आहे ती."

"असू द्या. वीस वर्षं पुसली हिला." मग काच पुसता पुसता आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "पुसली लय. बसले नाय कधी."

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. हेडमास्तर निवृत्त झाले, की झेंडूच्या माळा लावलेल्या गाडीतून त्यांना घरापर्यंत पोचवायचं. शिपाई निवृत्त झाला, की शाल आणि नारळ द्यायचा. तो आपला पिशवीत घालून चालत घरी जातो. हे आजवर कोणाला खटकलं नव्हतं, मलाही नाही. खोटं कशाला सांगू?

पण निकम सरांच्या जिभेला ब्रेक नाहीत. "मावशी, तुमची रिटायरमेंट कधी?"

"फुडल्याच्या फुडल्या जानेवारीची एकतीस."

"मग त्या दिवशी याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून तुम्हाला घरी सोडणार. सरांचा शब्द!"

शब्द त्यांनी दिला, सर मात्र मी होतो. आठवडाभरात मावशींच्या सुनेपासून शाळेसमोरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ही तारीख पाठ झाली. माझ्या हातात दीड वर्ष होतं आणि जिचे चारही टायर बसलेत अशी गाडी होती.

*

पहिलीच अद्दल बॅटरीनं घडवली. गाडी चालू होईल की नाही याचा पत्ता नाही, तर नवी बॅटरी कशाला आत्ताच, असा शहाणपणा करून मी एक अख्खा रविवार 'चालती'च्या बॅटरीला वायरी जोडून अण्णांच्या गाडीला सेल्फ मारत बसलो. अण्णांच्या गाडीनं हूं की चूं केलं नाही.

सोमवारी सकाळी निकम सर आणि आहिरे मॅडम डबे घेऊन खाली आले. मी ऐटीत 'चालती'ची चावी फिरवली. "टक्" एवढाच आवाज आला.

दोन गाड्यांचा मालक रस्त्यावर हात करत उभा राहिला. शेवटी मार्केटला भाजी टाकून पिंपळगावला परत निघालेला एक टेम्पो थांबला. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसून चाचणीचे पेपर तपासत होत्या. मी आणि निकम सर मागे रिकाम्या क्रेटमध्ये, अंगभर कोथिंबीर. शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. पोरांनी डोळे मिटलेले होते, ही देवाची कृपा.

उशिराच्या रजिस्टरमध्ये मॅडमनी कारण लिहिलं, "सरांची चालती गाडी बंद गाडीला चालू करताना बंद पडली." हेडसरांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे गणित आहे का?"

*

आमचे मिस्तरी शब्बीरभाई. वय सत्तरीचं, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. अशा गाड्या उघडणारे जे दोन-चार जण आता नाशकात उरलेत, त्यातले एक. रविवारी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये यायचे, आधी चहा घ्यायचे, मग बॉनेटला कान लावायचे.

एकदा मी मोठ्या उत्साहानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक परदेशी माणूस तश्शाच गाडीचा कार्बोरेटर दहा मिनिटांत साफ करून दाखवत होता. शब्बीरभाईंनी शांतपणे पूर्ण बघितला.

"अच्छा आहे," म्हणाले. "पण सर, त्याच्या कार्बोरेटरमध्ये घोरपडीसारखी पाल नव्हती."

माझ्या कार्बोरेटरमध्ये होती. निकम सरांनी तिचं चित्र काढून स्टाफरूममध्ये लावलं.

*

त्या पावसाळ्यानंतर एक फोटोग्राफर दारात आला. त्याला लग्नाआधीच्या शूटिंगसाठी जुनी गाडी हवी होती. मी म्हटलं, "बाबा रे, हिच्यात इंजिन नाही, ते शब्बीरभाईंच्या गॅरेजमध्ये खोलून पडलंय."

"इंजिन फोटोत कुठं दिसतं सर?"

बरोबरच होतं त्याचं. नवरा-नवरी पुढच्या सीटवर बसली. वारा पाहिजे म्हणून तळमजल्यावरच्या काकूंनी टेबलफॅन दिला. निकम सरांनी मागचा बंपर धरून गाडी मन लावून हलवली. व्हिडिओ असा झकास झाला, की बघणाऱ्याला वाटावं, ही दोघं घाट उतरतायत.

व्हिडिओ फिरत फिरत शाळेत पोचला. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या वर्गाच्या दारात आल्या. चेहरा असा फुललेला, की मला पुढचं ऐकायच्या आधीच घाम फुटला.

"चालली की वो सर गाडी! सुनंला दाखवली. मी नवं लुगडं घ्यून ठिवलं."

टेबलफॅनचं सांगायला माझं तोंड उघडेना. मला खरंच लाज वाटली. त्या दिवसापासून गाडीचा नाद हा माझा नाद राहिला नाही. ते मावशींचं काम झालं, आणि माझे रविवार सहा वाजता उजाडायला लागले.

*

इंजिन बसलं, ब्रेक झाले, कागदपत्रं झाली. त्या कागदपत्रांचं सांगत नाही, ते किस्से सगळ्यांचे सारखेच असतात. अडलं ते गिअरच्या दांड्यापाशी. आतला एक जोड तुटलेला आणि तो कुठंच मिळेना. नोव्हेंबर संपत आला. शेवटी कळलं, की विंचूरजवळ एका मळ्यात अशीच एक गाडी उभी आहे.

गेलो. गाडी होती, पण तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मळ्यातल्या आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्या की. आमाला काय करायचंय दांड्याचं?"

मी पाना घेऊन दार उघडायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "आज नाय. ती बघा शिटावर बसलीय अंड्यांवर. कालच बसवली. एकवीस दिवसांनी या."

मी मावशींची सगळी कथा सांगितली, तारीख सांगितली. आजीबाई म्हणाल्या, "गाडी किती वर्सं उभी व्हती?"

"असेल बारा-तेरा."

"मंग एकवीस दिवसांनी काय व्हतंय?"

आहिरे मॅडमनी तिथंच बोटांवर हिशेब केला. एकवीस दिवस, मग जोड बसवायला दोन रविवार, मग चाचणी. "बसतंय सर," त्या म्हणाल्या, "फक्त कोंबडीनं सुट्टी घ्यायला नको." कोंबडीनं शब्द पाळला. बाविसाव्या दिवशी आम्ही जोड काढला तेव्हा सीटखालून पिलांचा चिवचिवाट चालू होता. गाडीतून इतका आशादायक आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता.

*

जानेवारीत एका कडक थंडीच्या सकाळी गाडी पहिल्यांदा चालू झाली. धूर असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वरूनच विचारलं, "काय जळतंय हो?" मी आणि निकम सर एकमेकांना मिठी मारून उभे. शब्बीरभाईंनी कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"खोकला आहे," म्हणाले. "ताप नाही."

एकतीस तारखेला आमच्याबरोबर यायला मात्र ते तयार होईनात. "डॉक्टर वरातीत दिसला की लोकांना शंका येते, सर."

*

एकतीस तारीख. सकाळी इंदिरानगरातून निघालो ते हायवेनं थेट शाळेच्या दारात. एकदाही कुरकूर नाही. पोरांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. हेडसरांनी स्वतः पुढचं दार उघडून धरलं. नवं जांभळं लुगडं नेसलेल्या मावशींनी आधी पदरानं दाराची मूठ पुसून घेतली आणि मग त्या पुढच्या सीटवर बसल्या. नारळ मांडीवर. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण मला गाडी चालवायची होती आणि समोरचं आधीच धूसर दिसत होतं.

मागच्या सीटवर हेडसर, निकम सर आणि आहिरे मॅडम. मावशींचं घर पिंपळगावात, कांदा मार्केटच्या पलीकडे. पोरं फाटकापर्यंत पळत आली.

मार्केटसमोर कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग. सावकाश सरकता सरकता गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला, नाही. परत मारला, नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. दीड वर्ष, आणि घर समोर अर्ध्या किलोमीटरवर.

"ढकलू या," हेडसर म्हणाले.

हे ऐकताच मावशींनी नारळ सीटवर ठेवला आणि दार उघडून पाय बाहेर टाकला.

"मावशी, तुम्ही कुठं?" हेडसर ओरडले. "आज तुम्ही उतरायचं नाही. बसा."

मावशी बसल्या. हेडसर उतरले, कडक इस्त्रीच्या सफारीत. निकम सर उतरले, मॅडमनी पदर खोचला. तिघं डिकीला भिडले. गाडी वीतभर सरकली आणि थांबली. परत जोर लावला, परत तेच.

मावशींनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"हेडसर, मधून नका लावू जोर. डाव्या दिव्यापाशी जा. तिकडून हलकी जाती. आन् निकम सर, तुमी खांदा लावा, हातानं नाय व्हायचं."

हेडसर मुकाट्यानं डाव्या दिव्यापाशी गेले. गाडी सरकली, पळाली. मी क्लच सोडला. एक हिसका बसला आणि इंजिन धडधडायला लागलं. ट्रॅक्टरवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आरशात तिघंही धापा टाकत मागून पळत येताना दिसत होते. त्यांना घ्यायला म्हणून मी ब्रेककडे पाय नेला.

मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला. नजर समोर रस्त्यावर.

"थांबू नका सर. अण्णा कवा थांबले नाय. येतील चालत. आमी यायचोच की."