वन्संचे गुडघे आणि यांची गाडी

आमचे हे आयुष्यभर वेळेवर निघाले. वेळेवर पोचणं रस्त्याच्या हातात असतं, निघणं आपल्या हातात, असं त्यांचं म्हणणं. मोठी बस चालवायचे तेव्हा सगळ्या रस्त्याने त्यांचा धसका घेतला होता. घड्याळाचा काटा जागेवर आला की गियर पडलाच. मागून कुणी पिशव्या सावरत, "थांबा, थांबा" करत धावत आलं, तर हे खिडकीतून मान बाहेर काढून सांगायचे, "थांबा मागे राहिला." आणि बस पुढे. लोकांना आधी राग यायचा, मग हसू यायचं, मग पुन्हा राग. मी बायको म्हणून मला काही सवलत असेल असं कुणाला वाटत असेल, तर सांगून ठेवते, एकदा बाजारापाशी मलाही सोडून गेले होते. संध्याकाळी घरी आल्यावर शांतपणे म्हणाले, "आरशात दिसलीस मला." मी त्या दिवशी ताट वाढलं ते आदळूनच.

अशा या माणसाला, नोकरीची शेवटची थोडी वर्षं उरलेली असताना, वाहतूक कार्यालयाने छोट्या गाडीवर बसवलं.

त्यामागचं कारण चांगलं होतं, ते मी कबूल करते. मोठी बस हमरस्त्याने जायची, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. डोंगरावरच्या वस्त्यांतल्या माणसांनी फाट्यापर्यंत उतरून यायचं आणि तिथे उभं राहायचं. तरुण मंडळी केव्हाच शहरात गेली होती. मागे उरली होती ती सगळी गुडघ्यांना तेल चोळणारी. म्हणजे खाली बस अर्धी रिकामी धावायची आणि वर माणसं घरात बसून राहायची, कारण मधला उतार कुणाला झेपत नव्हता. शेवटी कार्यालयात कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि ही छोटी गाडी सुरू झाली. आदल्या दिवशी फोन करायचा. गाडी घरापाशी येणार, दवाखान्यात नाहीतर बाजारात सोडणार आणि परत आणणार. चढायला खाली सरकणारी पायरी, धरायला दांडा. थांबा म्हणून कुठे नाहीच. जिथे माणूस, तिथे थांबायचं.

यांना तो अपमान वाटला. मोठ्या बसच्या उंच सीटवरून खाली यायचं म्हणजे यांचा मानच गेल्यासारखा. गाडीला काडेपेटी म्हणायचे. पहिले काही दिवस तर दारासमोर जाऊन दोनदा हॉर्न वाजवायचे आणि कुणी आलं नाही की घड्याळ बघून निघायचे. आत बिचाऱ्या म्हाताऱ्या चप्पल शोधत असायच्या. मग कार्यालयातून सांगणं आलं की अहो, या गाडीचं कामच मुळी वाट बघणं आहे. घरी येऊन मला म्हणाले, "वाट बघण्याचा पगार देणार आहेत आता." मी म्हटलं, "मी इतकी वर्षं फुकट बघितली."

लोकांनाही गाडी बोलवायची सवय नव्हती. बसला फोन करायचा, ही कल्पनाच कुणाला पटेना. कार्यालयात फोन घ्यायला एक मुलगी बसते, गोड आवाजाची. तिला आमच्याकडची माणसं फोन करून सांगायची, "मुद्दाम येऊ नका हं. इकडे कुठे आलात तर बघा." ती विचारायची, "आजोबा, गाडी पाठवू की नको?" तर आजोबा म्हणायचे, "तुमच्या सोयीने." ती पोर रडकुंडीला यायची. आणि गाडी गेली, की पाहुणा आल्यासारखी तिची सरबराई. ड्रायव्हरने आत यायलाच हवं, चहा घ्यायलाच हवा. हे एका सकाळी चार घरचा चहा पिऊन आले आणि रात्रीपर्यंत पोट धरून बसले. पण हळूहळू लोक सरावले, हेही सरावले. एक आजी गाडीत बसल्यावर यांच्या खांद्यावर हात ठेवून "चल आता" म्हणते, ते यांना आवडतं. मला तसं सांगत नाहीत, पण तिची नक्कल रोज करून दाखवतात.

फक्त एका घरून फोन येत नव्हता. ते घर वन्संचं.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. डोंगरावर, रस्ता संपतो तिथे त्यांचं घर. यजमान गेले, मुलगा शहरात नोकरीला, त्या एकट्याच. गुडघे इतके धरलेले की ओट्यापासून खुर्चीपर्यंत जातानाही भिंतीला हात लागतो. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येऊन व्यायाम करायला सांगितला होता. फाट्यापर्यंत उतरणार कोण? म्हणून व्यायाम बंद, आणि व्यायाम बंद म्हणून गुडघे आणखी वाईट. मुलगा म्हणाला, "आई, घर बंद कर आणि माझ्याकडे चल." पोरगा चांगला आहे, त्याचं काही चुकत नाही. पण त्याचं घर सातव्या मजल्यावर, आणि वन्संना मातीत हात घातल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही. त्यांना जायचं नव्हतं. पण रविवारी तो न्यायला येणार होता आणि त्या भांडी बांधायला लागल्या होत्या.

आता सख्ख्या भावाची गाडी दारात यायला तयार असताना ही बाई एक फोन का करत नाही, हे मला कळेना. भांडण म्हणाल तर नव्हतं. येणंजाणं होतं, बोलणं होतं. पण मोठी बस होती तेव्हाही हे चालवत असले की वन्सं त्या बसला हात करत नसत. फाट्यावर उभ्या राहायच्या, खिडकीत यांचा चेहरा दिसला की दुसरीकडे बघायच्या आणि संध्याकाळच्या, दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसची वाट बघत बसायच्या. हे मला लोकांनी सांगितलं होतं. यांना विचारलं तर म्हणायचे, "तिची मर्जी."

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच जा की गाडी घेऊन."

"फोन आल्याशिवाय गाडी वळत नाही. नियम आहे."

"मग फोन करा म्हणून सांगा त्यांना."

यावर हे फडकं घेऊन खिडकीची काच पुसायला लागले. स्वच्छ काच होती. फोनवरच्या मुलीने मात्र मला एक गोष्ट सांगितली. हे रोज सकाळी तिला विचारतात, "वरच्या वस्तीवरून काही आहे का?" तिला आपलं वाटायचं, चढ अवघड आहे म्हणून काकांना तिकडे जायचं नसेल.

ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. मीच फोन केला. सकाळी आमच्या घरापासून वन्संच्या घरापर्यंत एक जण, आणि नंतर तिथून दवाखान्यापर्यंत दोघी. दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन आपल्याच दारात आले आणि मला पिशवी घेऊन उभी बघून म्हणाले, "तू?"

"फोन केलाय रीतसर. पायरी खाली घ्या."

गाडी वर गेली. मला उतरवलं, घराकडे एक नजर टाकली आणि दुसऱ्या वस्तीवरचे लोक बाजारात सोडायला निघून गेले.

आत स्वयंपाकघरात वन्सं जमिनीवर उशी टाकून, पाय लांब करून बसल्या होत्या. भोवती भांडी, वर्तमानपत्रं आणि सुतळी. मोठं पातेलं कागदात गुंडाळत होत्या आणि मधेच थांबून ते नुसतंच हातात धरत होत्या. फडताळ निम्मं रिकामं झालं होतं. मी सरळ विचारलं, "वन्सं, या गाडीत बसायला तुम्हाला काय होतं? भावाचा एवढा राग?"

"राग?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला कसला राग? त्याला असेल. आणि असला तरी बरोबरच आहे त्याचं."

मग त्यांनी सांगितलं. त्यातलं अर्धं मला माहीत होतं. आमचं नुकतं लग्न झालं होतं तेव्हा. हे नोकरीत नवे. एका सकाळी फाट्यावर बस उभी असताना यांना डोंगराच्या वाटेवर लांब एक बाई दिसली, कडेवर मूल घेऊन धावत उतरणारी. वन्संच होत्या. मुलगा तापाने फणफणला होता. यांनी बस थांबवून ठेवली. लोक ओरडले, कुणी खाली उतरून दारावर थापा मारल्या, पण हे हलले नाहीत. वन्सं येऊन बसल्या तेव्हाच निघाले. पोर वेळेत दवाखान्यात पोचलं आणि वाचलं. पण बसमधल्या एका माणसाची पुढची गाडी चुकली. तो मोठा माणूस निघाला. त्याने तक्रार केली, यांच्यावर चौकशी बसली आणि लांबच्या आगारात बदली झाली. किती वर्षं हे तिकडे आणि मी इकडे.

जे मला माहीत नव्हतं ते हे, की बदलीच्या दिवशी ट्रंक भरताना हे आपल्या बहिणीला म्हणाले होते, "तुझ्यापायी झालं हे सगळं."

"एकदाच म्हणाला," वन्सं म्हणाल्या. "आणि खोटं काय होतं त्यात? तुम्हा दोघांचा संसार माझ्यापायी मोडायची वेळ आली. मी तेव्हाच ठरवलं, पुन्हा या पोराला माझ्यासाठी थांबायला लावायचं नाही. आणि आता तर बघतेस ना, मला उंबऱ्यापासून फाटकापर्यंत जायला किती वेळ लागतो. तेवढा वेळ तो गाडी घेऊन ताटकळणार. नको गं बाई."

मला रडू आलं आणि रागही आला. एक बहीण भावाला त्रास नको म्हणून मुकाट्याने घर सोडायला निघाली होती, आणि खाली तिचा भाऊ, आपण तिला तोडून बोललो म्हणून ती आपल्या गाडीत बसत नाही असं समजून रोज सकाळी तिच्या फोनची वाट बघत होता. दोघांना समोरासमोर बसवून चांगलं फैलावर घ्यावंसं वाटलं. पण त्याने काही झालं नसतं. दोघंही हवापाण्यावर बोलले असते. म्हणून मी अर्धं खोटं बोलले.

"वन्सं, मी दोघींचा फोन केलाय. आता तुम्ही आला नाहीत तर गाडी उगाच फिरवली म्हणून त्यांनाच बोलणी बसतील."

"काय सांगतेस?" त्या भिंतीला धरून उठल्याच. "आधी नाही का सांगायचं?"

लुगडं झटकलं, केस सारखे केले, काठी सापडेना, ती दाराआडच होती. तेवढ्यात चढावर गाडीचा आवाज आला आणि वन्संची जी काही धांदल उडाली ती बघवेना. "आला तो, चल चल." एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. मी म्हणतेय, सावकाश, तर त्या माझा हात सोडवून पुढे. दारापासून फाटकापर्यंत दगडी पायऱ्यांची वाट आहे, थोडीच, पण एकेक पायरी उंच. फाटकाबाहेर गाडी घुरघुरत उभी होती. तो आवाज जणू त्यांना मागून ढकलत होता. पहिली पायरी उतरल्या, दुसरीवर काठी घसरली, मी दंड धरला म्हणून वाचल्या. तरी तोंडाने चालूच, "आले रे बाळ, आले, आले."

साठीला आलेला बाळ समोर काचेआडून बघत होता. यांनी हॉर्न वाजवला नाही. घड्याळाकडेही बघितलं नाही, मी नजर ठेवून होते. यांनी हात खाली नेला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

इतक्या वर्षांत उतारूसाठी यांनी इंजिन बंद केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माणूस चढेपर्यंत पाय ॲक्सिलेटरवर असायचाच. आता सगळं एकदम शांत झालं. कुणाच्या तरी अंगणात पाणी पडत होतं, ते ऐकू यायला लागलं. वन्सं तिसऱ्या पायरीवर थांबल्या. गाडीकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांचा भाऊही ड्रायव्हर, यजमानही ट्रॅक्टर चालवायचे, बंद इंजिनाचा अर्थ त्यांना वेगळा सांगायला नको होता. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, काठी नीट रोवली आणि मग आपल्या चालीने, मध्ये मध्ये थांबत, उरलेल्या पायऱ्या उतरल्या.

हे खाली उतरले होते. पायरी खाली घेतली आणि हात पुढे केला. वन्संनी तो धरला.

"तुला उशीर होईल रे," त्या म्हणाल्या.

"होऊ दे. आणि मी तेव्हा जे बोललो ना, ते..."

"पायाकडे बघ माझ्या," वन्सं म्हणाल्या, "वेगवेगळ्या चपला घालून आलेय." आणि दोघंही हसायला लागले, डोळे पुसत. मी मागे उभी होते, मला कुणी विचारलंही नाही. फार बरं वाटलं मला.

गाडी सुरू झाली. वन्सं यांच्या मागच्याच सीटवर बसल्या. बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या, फाटा आला आणि मागे गेला. मग म्हणाल्या, "रविवारी मुलगा आला की पोटभर जेवायला घालते आणि परत पाठवते. बांधलेली भांडी मात्र सोडायला तूच ये गं, मला फार वेळ खाली बसवत नाही."

"येईन."

"तो फोन कसा करायचा असतो गं?"

"घर कुठलं, जायचं कुठे, कधी. तेवढं सांगायचं त्या मुलीला."

"आणि मला दारातून गाडीपर्यंत यायला वेळ लागतो, ते कुणाला सांगायचं?"

मी तोंड उघडायच्या आत पुढून उत्तर आलं.

"ते सांगायला नको, ताई. ते मला माहीत आहे."