उभ्यानं करायचं काम

दिलशादबी नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहतात. तेरा वर्षांच्या असल्यापासून त्यांनी गल्लीबोळांत फिरून प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा वेचला. त्रेचाळिसाव्या वर्षी कंबर इतकी धरायला लागली की सकाळी भिंतीला धरून उठावं लागे. पण काम सोडून चालणार नव्हतं. नवरा नजीर दम्यामुळं घरीच असायचा आणि मुलगी हुमा बारावीला होती.

त्याच सुमारास एका संस्थेनं कचरा वेचणाऱ्या बायांसाठी बारा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. शहराबाहेर पत्र्याची मोठी शेड होती, तिथं माल वेगळा करायला शिकवायचे. त्यात दिलशादबींना नवं असं फार नव्हतं. बाटली हातात चुरगळली की नुसत्या आवाजावरून त्या प्लास्टिकची जात ओळखायच्या. त्यांची नजर होती कोपऱ्यातल्या गठ्ठे बांधायच्या मशीनवर. आत बाटल्या भरायच्या, दार लावायचं, वरून दाब द्यायचा, तारा आवळायच्या आणि गठ्ठा बाहेर काढायचा. सगळं उभ्यानं, वेचण्यासारखं वाकायचं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या प्रशिक्षक आनंदराज सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, मला मशीन शिकायचंय."

"मशीनवर चारच जणी घेणार आहे. आणि वाचता आलं पाहिजे. सूचना कळली नाही आन् हात आत राहिला तर?"

"वाचता येतं की. उर्दू येतं."

"मशीनवर उर्दू नाही, दिलशादबी."

"मग मी लिहिते."

सर दुसऱ्या बाईकडं वळले. नाही म्हटलं नाही म्हणजे होकारच, असं दिलशादबींनी धरलं. त्यांच्याबरोबर वेचायला जाणारी उज्वला सातवी शिकलेली. दुपारच्या सुट्टीत तिनं एकेक सूचना वाचून दाखवली आणि दिलशादबींनी ती उर्दूत कागदावर उतरवली. घरी हुमानं चुका काढल्या. दोन दिवसांनी सर आले तर प्रत्येक बटणाखाली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर उजवीकडून डावीकडं नीट अक्षर.

"हे काय?"

"हे बंद. हे दाब. आन् हितं लिहिलंय, दार उघडं असताना बटणाला हात लावायचा न्हाई."

सरांनी उलटसुलट विचारून पाहिलं. एकदाही चूक झाली नाही. चौघींच्या यादीत त्यांनी पाचवं नाव लिहिलं.

अकराव्या दिवशी दिलशादबींनी सगळ्यांसमोर पहिला गठ्ठा बांधला. दार उघडलं आणि गठ्ठा फुटला. तारेचा पीळ कमी पडला होता. बाटल्या शेडभर पसरल्या. मशीनवरचा जुना कामगार निवृत्ती म्हणाला, "चाची, तुमी आपलं वेचायचंच बघा."

दिलशादबींचं तोंड उतरलं. त्यांनी सगळ्या बाटल्या गोळा केल्या. मग त्याच्यापुढं तार धरली. "तुमी पीळ कसा मारता, दावा."

निवृत्ती ओशाळला. पण त्यानं दाखवलं, दोनदा दाखवलं. हातभर तार घेऊन त्या घरी गेल्या आणि संध्याकाळभर खाटेच्या पायाला पीळ मारत बसल्या. बोटं सोलली.

"बास कर आता," नजीर म्हणाले.

"बास कसं? उद्या शेवटचा दिवस हाय."

बाराव्या दिवशी गठ्ठा बाहेर आला. सरांनी पायानं ढकलून पाहिला. एकही बाटली सुटली नाही.

दिलशादबी त्याच शेडमध्ये कामाला लागल्या. सुरुवातीला पाय भरून यायचे, पण सकाळी उठायला भिंत लागेनाशी झाली.

यंदा लातूरला तशीच शेड सुरू झाली आणि शिकवायला म्हणून संस्थेनं त्यांनाच धाडलं. समोर सहा बाया बसलेल्या, त्यांत अहमदपूरच्या तारामती सगळ्यांत वयस्कर. दिलशादबींनी आधी मशीन तपासलं. दाराची कडी ढिली होती.

"कडी दुरुस्त झाल्याबिगर मी एकाही बाईला मशीनजवळ नेणार न्हाई," त्यांनी शेडच्या व्यवस्थापकाला सांगितलं.

"अहो, वेल्डर मिळेना. तेवढ्यानं काय होतंय?"

"हात जातो."

दोन दिवस मशीन बंद राहिलं. व्यवस्थापकानं नांदेडला फोन लावून तक्रार केली. दिलशादबी शांतपणे बायांना तारेचा पीळ शिकवत बसल्या. तिसऱ्या दिवशी वेल्डर आला, नवी कडी बसली. त्यांनी स्वतः तीनदा दार लावून, ओढून पाहिलं आणि मग हाक मारली, "तारामतीबाई, या. पहिला गठ्ठा तुमचा."