दार लावून बोलण्याचे पैसे

आमच्या आत्याला गप्प बसता येत नाही, आणि तिचं पोट मात्र चाललं दुसऱ्यांच्या बोलण्यावर. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं फोनचं दुकान होतं. एक टेबल, एक मीटर आणि काचेची एक खोली. तीही अशी की जाड माणूस शिरला तर दार लागत नसे. लांबच्या गावी फोन लावणारे बेंबीच्या देठापासून ओरडत. आत्या काचेवर किल्ली आपटून म्हणे, "अहो, एवढं ओरडायचं होतं तर फोन कशाला लावलात? रस्त्यावर उभं राहायचं!"

याच दुकानावर तिने नवऱ्यामागे घर चालवलं. मग सरकारने फोनचा धंदा खासगी कंपन्यांना मोकळा करून दिला. कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या, दर कोसळले आणि भंगारवालासुद्धा खिशात फोन घेऊन हिंडू लागला. आत्या माश्या मारत बसली.

एका कंपनीचा टायवाला पोरगा दर आठवड्याला येऊन डोकं खाई. "मावशी, ही खोली तोडा. आमच्या रिचार्जचं काउंटर टाका. काळाबरोबर चाला."

माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्याचीच री ओढत. "ताई, हट्ट सोड. भाडं कुठून भरणार?"

"या महिन्यात जमलं नाही, तर टाळं लावीन," आत्या म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या शिंप्याची सून आली. हातात स्वतःचा मोबाइल. "आत बसून आईशी बोलू का? घरी सासूबाईंचे कान भिंतीला लागलेले असतात." ती आत गेली, दार लावलं, पोटभर बोलली, पोटभर रडली. बाहेर येऊन तिने किती झाले विचारलं, तेव्हा आत्याला क्षणभर शब्द सुचेना. असा प्रसंग मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : फोन तुमचा, दार आमचं.

लोक येऊ लागले. लग्न ठरलेली मुलं आली, भांडलेले भाऊ आले. एक कारकून तर फोन न आणताच आत गेला, साहेबाला मनसोक्त शिव्या दिल्या आणि पैसे देऊन हसत निघून गेला. पूर्वीची बरकत काही आली नाही, पण भाडं सुटलं. बाबांनी टुमणं सोडलं.

एक दिवस टायवाला आला, टायशिवाय. त्याची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळली होती आणि निम्मी माणसं घरी बसवली होती. टायशिवाय त्याची मान फारच बारीक दिसत होती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली.

"मावशी, पाच मिनिटं बसू?"

काच पातळ; आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "हो आई, बढती झाली. नाही गं, काळजी कसली?"

बाहेर येऊन त्याने पाकीट काढलं. "किती?"

"दुप्पट."

"दुप्पट कशाबद्दल?"

"खोटं बोलायचा दर वेगळा आहे."

त्याचा चेहरा पडला. तो तिथेच स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. आत्याने त्याला रडू दिलं. मग उठून खोलीचं दार उघडून धरलं.

"जा आत. आता खरं सांग तिला. त्याचे मी घेत नाही."

तो गेला. "आई, पुन्हा मीच," एवढंच माझ्या कानावर पडलं, आणि आत्याने मला दंडाला धरून दुकानाबाहेर काढलं.